कुंचल्याकडे परतलेला माणूस : एडवर्ड हॉपर आणि त्याची घरे

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कामगार चळवळीतल्या कार्यकर्त्याने चित्रकलेविषयी बोलावे, हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. आमच्याकडून महागाईभत्ता, बोनस, फार तर गिरण्यांचा इतिहास एवढ्याच विषयांची अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. परंतु आज मांडावयाचा विषय त्या विषयांपासून वरवर दिसतो तितका दूर नाही. हातात कला असूनही पोटासाठी दुसरेच काम करीत राहिलेला माणूस चाळिशी उलटल्यावर आपल्या कलेकडे परत येतो, तो कसा, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

चित्रकारांच्या चरित्रांत या प्रश्नाला बहुधा एकच उत्तर सापडते : एके दिवशी प्रतिभा जागी झाली. आम्ही आयुष्यभर हजेरीपट आणि पगारपत्रके वाचीत आलो आहोत, त्यामुळे या उत्तराने आमचे समाधान होत नाही. माणसाच्या दिवसाला तास मोजकेच असतात. ते एक तर त्याचे स्वतःचे असतात, नाही तर कोणाला तरी विकलेले असतात. म्हणून कलेकडे परतलेल्या माणसाचा इतिहास सांगताना तीन गोष्टी विचारल्याच पाहिजेत, असे आमचे मत आहे. त्याचे तास कोणाकडे गहाण पडले होते? ते हाती आल्यावर त्याने पाहिले काय? आणि ते सोडवून घेण्याची किंमत कोणी चुकविली?

उदाहरणादाखल आम्ही अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपर याचे आयुष्य घेतले आहे. विसाव्या शतकातील अमेरिकेच्या अग्रगण्य चित्रकारांत आज त्याची गणना होते. परंतु चित्रांवर पोट भरण्याची वेळ त्याच्या आयुष्यात आली ती वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी; आणि ती आणली काही जुन्या, लोकांनी नावे ठेवलेल्या घरांनी. आमची रात्रशाळा संपल्यावर सार्वजनिक वाचनालय हीच आमची पाठशाळा झाली. तेथेच या चित्रकाराचा एक जाड चित्रसंग्रह आमच्या हाती पडला आणि पुढे कित्येक महिने तो आम्ही फिरून फिरून घरी आणीत राहिलो. त्या वाचनातून जे उमगले ते येथे सांगत आहोत.

पोटाचा धंदा

हॉपरचा जन्म २२ जुलै १८८२ रोजी न्याक या गावी झाला. हडसन नदीच्या काठी, न्यूयॉर्कच्या उत्तरेस वसलेले हे लहानसे गाव. वडिलांचे कापडचोपडाचे दुकान होते. मुलाचा हात चित्रात चांगला चालतो हे आईबापांनी लवकर ओळखले. पण चित्रावर संसार चालत नाही, हेही त्यांना ठाऊक होते. तेव्हा मुलाने मासिकांसाठी आणि जाहिरातींसाठी चित्रे काढण्याचा धंदा शिकावा, असे ठरले. १८९९ साली त्याने शिक्षणास आरंभ केला आणि पुढील वर्षी तो न्यूयॉर्क स्कूल ऑफ आर्ट या संस्थेत दाखल झाला. तेथे रॉबर्ट हेन्री हे त्याचे गुरू. देवदेवता आणि पुराणप्रसंग बाजूला ठेवून भोवतालच्या शहराकडे पाहा, रस्ते आणि माणसे रंगवा, असा या गुरूंचा आग्रह असे.

१९०६ साली हॉपर पॅरिसला गेला. पुढे १९०९ व १९१० साली तो पुन्हा तेथे जाऊन आला. त्याच काळात पॅरिसमध्ये चित्रकलेत मोठी उलथापालथ चालली होती. परंतु त्या वादांत तो शिरला नाही. तो सीन नदीचे पूल, घाटाच्या पायऱ्या, दगडी भिंतींवरचे ऊन रंगवीत राहिला. आपण राहतो त्या इमारतीचा जिनासुद्धा त्याने रंगविला. पुढे जे घडावयाचे होते त्याचे बी या जिन्यात आहे, हे ध्यानात ठेवावे.

१९१३ साली न्यूयॉर्कमधील एका लष्करी कवायतगृहात आधुनिक चित्रकलेचे प्रचंड प्रदर्शन भरले. त्यात हॉपरचे शिडाच्या होडीचे एक चित्र २५० डॉलरला विकले गेले. वय वर्षे ३०, आयुष्यातील पहिली विक्री. कोणालाही वाटेल की आता या माणसाची गाडी रुळावर आली. प्रत्यक्षात पुढची दहा वर्षे त्याचे एकही रंगचित्र विकले गेले नाही.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो वॉशिंग्टन स्क्वेअर या चौकाच्या उत्तर बाजूस, ३ क्रमांकाच्या घरात सर्वांत वरच्या मजल्यावर राहावयास गेला. चौऱ्याहत्तर पायऱ्या चढून जावे लागे. शेगडीसाठी लागणारा कोळसाही त्याच पायऱ्यांवरून वाहून न्यावा लागे. शौचकूप खोलीबाहेर, सामाईक. आमच्या श्रोत्यांपैकी ज्यांनी चाळीत दिवस काढले आहेत त्यांना या व्यवस्थेचे अधिक वर्णन नको. याच जागी तो मरेपर्यंत, म्हणजे ५३ वर्षांहून अधिक काळ राहिला.

पोटासाठी त्याने काय केले? व्यापारी मासिके, हॉटेलवाल्यांची नियतकालिके, जहाजदुरुस्तीच्या गोदीचे पत्रक, चित्रपटांच्या जाहिराती – जिथून काम मिळेल तिथून घेतले. संपादकांना हातवारे करणारी, हसणारी, धावणारी माणसे हवी असत. हॉपरला हवे होते घराच्या भिंतीवर पडलेले ऊन. त्याने उत्तरायुष्यात एक आठवण सांगितली आहे. काम मागण्यासाठी संपादकाच्या कचेरीत शिरण्यापूर्वी तो कधीकधी त्या इमारतीला एकदोन फेऱ्या घाली. पैशासाठी काम मिळावे असेही वाटे आणि ते न मिळेल तर बरे असेही वाटे. ही मनाची अवस्था आम्ही गिरणीच्या फाटकावर शेकडो वेळा पाहिली आहे. रात्रपाळी चुकावी आणि रोजही बुडू नये, असे एकाच वेळी वाटणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले त्याला हॉपरच्या त्या फेऱ्या कळतील.

१९१८ साली महायुद्धाच्या धामधुमीत जहाजबांधणीच्या प्रचारासाठी भित्तिचित्रांची स्पर्धा झाली. हॉपरला ३०० डॉलरचे पहिले पारितोषिक मिळाले. त्या चित्रातला घण उगारलेला कामगार त्याने गोदीतल्या एका खऱ्या कामगारावरून काढला होता. म्हणजे धंद्यात तो वाईट होता असे मुळीच नाही. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, 'ज्याला धंदा जमत नाही तो कलेकडे वळतो' असा एक गैरसमज प्रचलित आहे. हॉपरला धंदा जमत होता. धंद्यापायी आयुष्य सरत होते, हे त्याचे दुखणे होते.

रंग पूर्णपणे सुटले होते असेही नाही. उन्हाळ्याच्या सुटीत तो मेन प्रांतातील मॉन्हेगन बेटावर जाई आणि तेथील खडक, समुद्र रंगवी. शिवाय १९१५ पासून त्याने तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा खोदून छाप काढण्याची कला हस्तगत केली. एचिंग असे तिला म्हणतात. छाप स्वस्त असल्याने थोडेफार विकले जात आणि प्रदर्शनांत घेतलेही जात. रस्त्याच्या कोपऱ्यावरचा रात्रीचा दिवा, त्याखालून जाणारा एकटा माणूस, खिडकीशी बसलेली बाई, हे पुढे प्रसिद्धीस आलेले विषय या काळ्यापांढऱ्या छापांत प्रथम दिसतात. या कामाने आपल्या चित्रांना नीट आकार आला, असे तो स्वतःच सांगे. कामगाराच्या भाषेत बोलावयाचे तर मोठे यंत्र बंद पडले तेव्हा त्याने हातमाग चालू ठेवला.

परंतु रंगचित्रांची दशा पालटली नाही. जानेवारी १९२० मध्ये व्हिटनी स्टुडिओ क्लबमध्ये त्याच्या १६ तैलचित्रांचे स्वतंत्र प्रदर्शन झाले. बहुतेक चित्रे पॅरिसची, म्हणजे दहाबारा वर्षांपूर्वीची होती. एकही विकले गेले नाही. तेव्हा त्याचे वय ३७ होते.

घरांकडे पाहत हिंडणारा माणूस

१९२३ च्या उन्हाळ्यात हॉपर मॅसॅच्युसेट्स प्रांतातील ग्लॉस्टर या बंदरी आला. मच्छीमारांचे हे जुने गाव चित्रकारांचे आवडते ठिकाण होते. तेथे त्याला जोसेफिन निव्हिसन ही चित्रकर्ती भेटली. तीही हेन्री यांचीच विद्यार्थिनी. दोघांची जुनी तोंडओळख होती. ती बाहेर बसून जलरंगांत चित्रे काढी. हॉपरने जलरंग आजवर धंद्याच्या कामापुरतेच वापरले होते. तिच्याबरोबर हिंडता हिंडता त्यानेही जलरंगाची पेटी उघडली.

बाकीचे चित्रकार धक्क्यावर बसून होड्या, शिडे आणि समुद्र रंगवीत. हॉपर गल्ल्यांतून घरे पाहत हिंडे. गलबतांच्या जुन्या कप्तानांनी बांधलेली मोठी लाकडी घरे तेथे होती, आणि पोर्तुगीज मच्छीमारांच्या वस्तीतली साधी घरेही होती. त्या सुट्टीतील त्याच्या चित्रांपैकी सर्वांत गाजलेल्या चित्राचे नावच मुळी 'मॅन्सर्ड रूफ' म्हणजे मॅन्सर्ड पद्धतीचे छप्पर असे आहे.

हे छप्पर म्हणजे काय ते थोडे सांगितले पाहिजे, कारण या कथेचे मर्म त्यात आहे. आपल्या कौलारू घराला प्रत्येक बाजूस एकच उतार असतो. मॅन्सर्ड छपराला प्रत्येक बाजूस दोन उतार असतात. वरचा उतार जवळजवळ सपाट आणि खालचा जवळजवळ उभा, भिंतीसारखा. त्या उभ्या उतारात खिडक्या काढल्या की माळ्याच्या जागी राहण्याजोगा एक मजला मिळतो. सतराव्या शतकातील फ्रेंच वास्तुशिल्पी फ्रान्स्वा मान्सार याच्या नावावरून या छपराला हे नाव पडले. तिसऱ्या नेपोलियनच्या कारकिर्दीत पॅरिसमध्ये त्याची पुन्हा टूम निघाली आणि तेथून ती अमेरिकेत गेली. १८६५ साली यादवी युद्ध संपल्यावर ज्यांच्या हाती पैसा खेळू लागला त्यांनी अशी घरे हौसेने बांधली. त्यांना नक्षीचे कठडे, सज्जे, मनोरे जोडले. पुढे आवड बदलली. १९२० च्या सुमारास ही घरे म्हणजे आजोबांच्या वेळचा भपका, अशी त्यांची टिंगल होऊ लागली. ती पाडली जात होती, किंवा भाडेकऱ्यांनी भरून जात होती.

हॉपरने या घरांत काय पाहिले? त्याने ना त्यांची थोरवी गायली, ना टिंगल केली. सज्ज्याच्या कोपऱ्यात सावली कशी अडकते, वाऱ्याने फुगलेल्या पिवळ्या कनातीवरून ऊन कसे घसरते, खिडकीच्या चौकटीची कड कशी उजळते, एवढेच त्याने निष्ठेने टिपले. जलरंगात पांढरा रंग लावावा लागत नाही. उजेड दाखवावयाचा तेथे कागद कोरा सोडतात. म्हणजे ऊन कुठे पडले आहे हे ब्रश टेकविण्याआधीच ठरवावे लागते. तैलचित्रासारखी खोलीत बसून महिनोन् महिने दुरुस्ती करण्याची सोय येथे नाही. दहा वर्षे दुसऱ्याच्या मर्जीप्रमाणे माणसांचे हातवारे काढणाऱ्या हाताला, समोर जे उभे आहे तेच तिथल्या तिथे टिपण्याची ही सक्ती मानवली.

आणखी एक गोष्ट येथे लक्षात येते. पॅरिसच्या आठवणींवर हॉपर किती वर्षे जगत होता, हे १९२० च्या त्या प्रदर्शनात दिसलेच आहे. ग्लॉस्टरला त्याला सापडलेले छप्पर हे पॅरिसचेच अपत्य होते. पण ते अमेरिकेत येऊन, लाकडात उतरून, उन्हापावसात झिजून तेथलेच झालेले होते. परदेशी जाऊन शिकलेली दृष्टी त्याने आपल्या गल्लीतल्या घराला लावली आणि त्याचा कोंडलेला मार्ग मोकळा झाला, असे आम्हाला वाटते.

त्या वर्षअखेर ब्रुकलिन म्युझियममध्ये जलरंगांचे प्रदर्शन होते. निमंत्रण जोसेफिनला आले होते. तिने संग्रहालयाच्या लोकांना हॉपरची चित्रे पाहण्यास सुचविले. त्यांनी त्याची सहा चित्रे मांडली आणि 'मॅन्सर्ड रूफ' हे १०० डॉलरला विकत घेतले. दहा वर्षांनंतर झालेली ही आयुष्यातील दुसरी विक्री. ९ जुलै १९२४ रोजी दोघांचे लग्न झाले. तेव्हा दोघेही ४१ वर्षांचे होते. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात फ्रँक रेन यांच्या चित्रदालनात हॉपरची अकरा जलरंगचित्रे लागली. अकराही विकली गेली. वर आणखी पाच गेली. त्यानंतर थोड्याच काळात त्याने मासिकांचे काम कायमचे सोडले. आता दिवस त्याचा होता.

रविवारची सकाळ

दिवस हाती आल्यावर त्याने केले काय? १९२५ साली त्याने तैलरंगात 'हाउस बाय द रेलरोड' म्हणजे लोहमार्गाजवळचे घर हे चित्र काढले. मॅन्सर्ड छपराचे एक उंच घर, मागे मोकळे आकाश, पुढून आडवा गेलेला लोहमार्ग. झाड नाही, माणूस नाही. न्यूयॉर्कचे आधुनिक कलेचे संग्रहालय १९२९ च्या अखेरीस उघडले आणि १९३० च्या आरंभी त्याच्या संग्रहात दाखल झालेले पहिले तैलचित्र हेच होते. ज्या छपराची लोक टिंगल करीत होते ते आधुनिक कलेच्या घरात सर्वांआधी शिरले.

मग तो आपल्या शहराकडे वळला. त्या काळात न्यूयॉर्कमध्ये आकाशाला भिडणाऱ्या इमारती चढत होत्या. १९३० साली क्रायस्लर आणि १९३१ साली एम्पायर स्टेट ही इमारत पुरी झाली. पुष्कळ चित्रकार त्यांच्याकडे मान वर करून पाहत होते. हॉपरची नजर समोर राही. पुलाच्या तोंडाशी असलेली चारपाच मजली विटांची घरे, औषधाच्या दुकानाची रात्रीची काच, उन्नत लोहमार्गाच्या गाडीतून जाताना क्षणभर दिसणारी परक्या घराची खिडकी, ही त्याची दौलत. १९३२ साली तर त्याने आपल्याच इमारतीची गच्ची, तिची धुराडी आणि काचेची झरोके रंगविली. चौऱ्याहत्तर पायऱ्या चढून जेथे तो वीस वर्षे राहत होता, तिथेच हा विषय इतकी वर्षे उभा होता.

१९३० साली त्याने 'अर्ली संडे मॉर्निंग' म्हणजे रविवारची प्रभात हे चित्र काढले. सुमारे पाच फूट रुंदीचे हे चित्र आम्हाला त्याच्या सर्व चित्रांत श्रेष्ठ वाटते. लाल विटांची दुमजली बैठी रांग. खाली दुकाने, वर बिऱ्हाडे. दुकाने बंद आहेत. फुटपाथवर नाव्ह्याच्या दुकानाचा रंगीत खांब आणि आगीच्या बंबासाठी ठेवलेला पाण्याचा नळ उभा आहे. पाट्यांवर अक्षरे आहेत असे भासते, पण ती वाचता येत नाहीत. वरच्या मजल्यावरील खिडक्या एकसारख्या. परंतु कुठे पिवळा पडदा अर्धा ओढलेला, कुठे पांढरा पूर्ण वर, कुठे खिडकी काळोखी. एका खिडकीत त्याने आधी माणूस काढला होता, तो नंतर रंगाने बुजविला. आणि उजवीकडे वरच्या कोपऱ्यात एक काळसर चौकोन आहे. तो मागे उभ्या राहिलेल्या उंच इमारतीचा. ही रांग फार दिवस टिकणार नाही, हे त्या चौकोनावरून कळते. व्हिटनी म्युझियमने हे चित्र २००० डॉलरला घेतले.

चित्राचे मूळ नाव 'सेव्हन्थ ॲव्हेन्यूवरील दुकाने' असे होते. रविवार हा शब्द नंतर दुसऱ्या कोणीतरी जोडला, तो रविवारच असला पाहिजे असे नाही, असे हॉपर म्हणत असे. परंतु ज्याने तो शब्द जोडला त्याची नजर तीक्ष्ण होती. रोज त्या पाट्यांखालून धावणाऱ्या माणसाला ही भिंत दिसत नाही. ती दिसण्यासाठी दुकाने बंद असावी लागतात आणि पाहणाऱ्यालाही कामावर जावयाचे नसावे लागते.

हा रविवार आपल्या गिरणी कामगाराला कसा मिळाला, ते या ठिकाणी सांगितल्यावाचून आम्हाला पुढे जाववत नाही. मुंबईच्या गिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले आणि हक्काची साप्ताहिक सुटी नसे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांची सभा भरविली. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि वेळेवर पगार अशा मागण्यांच्या अर्जावर ५५०० कामगारांच्या सह्या झाल्या. सहा वर्षे झगडल्यावर १० जून १८९० रोजी रविवारच्या सुटीची मागणी मान्य झाली. या घटनेचा उल्लेख कामगार चळवळीच्या इतिहासात नेहमी येतो. तो कलेच्या इतिहासातही यावा असे आमचे म्हणणे आहे. कारण सहा दिवस साच्यापुढे उभे राहणाऱ्या माणसाला आपण राहतो त्या चाळीचा कठडा आणि त्यावरचे ऊन स्वस्थपणे पाहण्याची पहिली सवड त्या दिवशी मिळाली.

किंमत कोणी दिली

आता हिशेबाची दुसरी बाजू. हॉपरला त्याचे तास मिळाले, त्यांची किंमत गिऱ्हाइकांनी दिली हे खरे. परंतु ती पुरी किंमत नव्हती. लग्नापूर्वी जोसेफिन ही स्वतंत्र चित्रकर्ती होती. तिची चित्रे प्रदर्शनांत लागत, आणि ब्रुकलिनच्या संग्रहालयाने बोलाविले होते ते तिला. लग्नानंतर तिने हॉपरच्या चित्रांची खातेवही ठेवली. प्रत्येक चित्राचे नाव, वर्णन, कोणास विकले, किती डॉलर आले, हे ती लिही, आणि वर हॉपर त्या चित्राची छोटी आकृती काढी. त्याच्या चित्रांतील बहुतेक स्त्रियांसाठी तीच बसली. १९४२ सालच्या 'नाइटहॉक्स' या जगप्रसिद्ध चित्रात रात्रीच्या उपाहारगृहात बसलेली तांबूस केसांची स्त्री, तीही जोसेफिनच. पत्रव्यवहार, पाहुणे, घरकाम तिच्याकडे. तिचा कुंचला मात्र मागे पडत गेला. तिला याची चीड होती आणि ती तिने आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवली आहे. नवऱ्याने तिच्या चित्रांना उत्तेजन दिले नाही, हेही त्यात आहे.

हॉपर १५ मे १९६७ रोजी आपल्या चित्रशाळेत वारला. दहा महिन्यांत जोसेफिनही गेली. तिने मागे राहिलेला सर्व कलासंग्रह व्हिटनी म्युझियमला दिला. हॉपरच्या ३००० हून अधिक कृती तेथे जतन झाल्या. तिच्या स्वतःच्या चित्रांपैकी बरीचशी इकडेतिकडे वाटली गेली आणि कित्येकांचा पत्ताच राहिला नाही. एकाच घरात, एकाच वयाची दोन माणसे. एक कुंचल्याकडे परतला आणि दुसरीचा कुंचला त्या परतीसाठी खर्ची पडला. संघटनेच्या कामात आम्ही एक नियम शिकलो आहोत. एका खात्याला बढती मिळाली की दुसऱ्या कोणत्या खात्यावर भार पडला ते आधी पाहावे. कलेच्या इतिहासालाही हा नियम लावण्यास हरकत नसावी.

हॉपर आमच्या विचारांचा होता, असा दावा आम्ही करीत नाही. तो रूझवेल्ट यांच्या 'न्यू डील' धोरणाचा विरोधक होता आणि त्याच्या चित्रांत राबणारा माणूस क्वचितच दिसतो. ज्यांना तो माणूस पाहावयाचा असेल त्यांनी त्याच न्यूयॉर्कच्या राल्फ फासानेला याची चित्रे पाहावी. इटलीहून स्थलांतरित झालेल्या बर्फविक्याचा हा मुलगा, जन्म १९१४. विद्युत व यंत्र कामगारांच्या संघटनेचा प्रचारक. १९४५ च्या सुमारास, तिशी गाठल्यावर, त्याने कोणाच्या शिकवणीशिवाय चित्रे काढण्यास आरंभ केला. पुढे काम मिळेना तेव्हा भावांबरोबर मोटारींना पेट्रोल भरण्याचा धंदा केला आणि रात्री चित्रे काढली. १९७२ साली त्याचे नाव झाले तेव्हा तो ५८ वर्षांचा होता. हॉपर विटांची भिंत बाहेरून रंगवी. फासानेला ती भिंत काढून आतली जेवणारी, भांडणारी, शिवणकाम करणारी बिऱ्हाडे दाखवी. १९७५ पासून जवळजवळ तीन वर्षे त्याने लॉरेन्स या गिरणगावी काढली आणि तेथील १९१२ च्या संपाची भलीमोठी चित्रे रंगविली. त्या संपाचे कारण श्रोत्यांनी ऐकावे. कायद्याने आठवड्याचे तास ५६ वरून ५४ वर आणले आणि मालकांनी त्या दोन तासांचा पगार कापला. म्हणजे तेथेही भांडण तासांचेच होते.

या इतिहासातून आपल्या गावाने काय घ्यावे? आपल्या पेठांत अजून कोरीव तुळ्यांचे वाडे, लाकडी कठड्यांच्या चाळी आणि विटांच्या गिरण्यांची धुराडी उभी आहेत. त्यांतील पुष्कळ येत्या काही वर्षांत जातील. त्या सर्व राखाव्यात असे आम्ही म्हणत नाही. गळक्या छपराखाली राहणाऱ्याला छपराचे सौंदर्य सांगणे हा अन्याय आहे. परंतु त्या जाण्यापूर्वी त्यांच्यात राहिलेल्यांनी त्या डोळे भरून पाहाव्यात आणि हात चालत असेल त्याने कागदावर उतरवाव्यात. आमच्या ओळखीत लहानपणी चित्रे काढणारी माणसे कमी नाहीत. कोणी मेळ्यांचे पडदे रंगवीत, कोणी गणपतीची आरास करीत, कोणी दुकानांच्या पाट्या लिहीत. पुढे पाळी लागली, संसार लागला आणि हात थांबला. त्यांतले काही आता निवृत्त झाले आहेत, काहींना गिरणीनेच सक्तीची निवृत्ती दिली. 'आता या वयात कुठे?' असे ते विचारतात. त्यांना हॉपरचे वय सांगावे आणि फासानेलाचेही सांगावे.

आमची सूचना साधी आहे. या व्याख्यानमालेच्या चालकांनी आणि वाचनालयाने मिळून संध्याकाळी सात ते नऊ असा चित्रकलेचा एक वर्ग मोठ्या माणसांसाठी चालवावा. फी परवडेल इतकीच असावी. रविवारी सकाळी वर्गाने गावात हिंडून घरे रंगवावी. आणि निम्म्या जागा घरकाम करणाऱ्या स्त्रियांसाठी राखून ठेवाव्यात. त्या दोन तासांत घरी भाकरी कोणी भाजावयाची, हा प्रश्न पुरुष श्रोत्यांनी आपापल्या घरी सोडवावा. वर्गासाठी संघटनेची खोली आठवड्यातून तीन संध्याकाळ मोकळी करून देण्याचे आम्ही आमच्या सहकाऱ्यांशी बोलून ठेवले आहे. पाट, कागद आणि रंग यांची तजवीज तेवढी गावाने करावी.